कापसाच्या खोलीतल्या मारामाऱ्या

माझी सगळ्यात आवडती मारामारी मी अर्धीच पाहिलेली आहे. एका रंगाऱ्याचं मोठं अंगण असतं. उंच बांबूंवर ओल्या कापडांचे लांबच लांब पट्टे वाळत घातलेले, निळे, हळदी, डाळिंबी, आणि त्या कापडांच्या गल्लीतून एक सडपातळ माणूस अनवाणी चालत येतो. त्याला मारायला आलेले लोक कुठे दडलेत ते दिसत नाही. मधूनच एखादं कापड पोटाशी फुगतं, परत सरळ होतं. वारा आहे की माणूस, ते आपल्यालाही कळत नाही आणि त्यालाही. तो थांबतो, कान देतो, आणि मग उडी मारतो. त्या सिनेमांतली उडी म्हणजे आपली ओढा ओलांडायची उडी नव्हे. वर गेलेला माणूस खाली यायची घाईच करत नसे. कापडांच्या वर, उन्हात, हात पसरून तो असा निवांत तरंगत होता, आणि नेमकी तेव्हाच आमच्या गावची लाइट गेली.

आमचं गाव पांझरेच्या काठी, धुळ्याहून एसटीने यायचं तर धूळ खात यावं लागे. घरी आबा, माय, थोरला अशोकदादा आणि मी. मी नलू, तेव्हा आठवीत होते. दादा धुळ्यात एका रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता आणि आठवड्याच्या सुट्टीला येताना दुकानाचा व्हिडिओ आणि रंगीत टीव्ही जीपमध्ये टाकून आणायचा. संध्याकाळी गावातल्या पुरुषांना खळ्यात हिंदी पिक्चर दाखवायचा. हिंदी कॅसेटी मागणीच्या, त्या लगेच पुढच्या गावाला जायच्या. मागे उरायच्या त्या फाइटिंगच्या. चिनी की जपानी की आणखी कुठल्या, देव जाणे. आम्ही सगळ्यांना मिळून 'कराटे' म्हणायचो. बोलणं परक्या भाषेत, त्यामुळे त्या कोणी नेत नसे. दादाच्या मालकाने त्या वरकड म्हणून देऊन टाकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सामान धुळ्याला परत जायच्या आधी, दुपारी, घरातल्या आणि गल्लीतल्या बायांसाठी आमच्या कापसाच्या खोलीत 'कराटे' लागायचा.

कापसाची खोली म्हणजे घराची मागची मोठी खोली. त्या वर्षी भाव नव्हता म्हणून आबांनी कापूस विकला नव्हता. खोली निम्म्या उंचीपर्यंत कापसाने भरलेली. टीव्ही धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर, आणि आम्ही सगळ्या कापसावर. बसलं की कमरेपर्यंत खाली जायचं. अंगाला खाज सुटायची, रात्री माय करंजाचं तेल लावायची, पण ती खाज आठवली की मला अजूनही बरंच वाटतं. आबांचा एकच दंडक होता, खोलीत काडेपेटी न्यायची नाही, दिवा न्यायचा नाही. खिडक्या ऊन येऊ नये म्हणून बंद. बाहेर चैत्राचा फुफाटा, आत अंधार, आणि त्या अंधारात टीव्हीच्या उजेडात कापसाचे तंतू तरंगत असायचे. माणसं पडद्यावर तरंगत होती आणि पडद्यासमोर कापूस. कधी कधी मला दोन्हींतला फरक कळेनासा व्हायचा.

बायांना आबांनी पिक्चर पाहू दिला तो काही उदार होऊन नव्हे. मायने त्यांना पटवलं होतं. पेरणीच्या भुईमुगाच्या शेंगा उन्हाळ्यात हाताने फोडाव्या लागतात, दाण्याचं साल निघालं तर बियाणं वाया जातं. एरवी त्याला मजूर लावायचे. मायने प्रत्येकीच्या पुढ्यात सुपात शेंगा टाकल्या आणि सांगितलं, बघा आणि फोडा. त्यामुळे आमच्या सगळ्या मारामाऱ्यांना शेंगांचा ताल आहे. पडद्यावर दोघे एकमेकांभोवती फिरत असले की टक्, टक्, अशा सावकाश. भिडले की कडकडकड. हातांना आपलं आपण कळायचं. शेवटच्या मारामारीत फोडलेल्या दाण्यांत साल निघालेले जास्त असायचे, असं माय म्हणायची आणि ते वेगळे काढून आम्हाला खायला द्यायची.

त्या खोलीत सगळ्यात मागे, भिंतीच्या कडेला माझी फुई बसायची. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. वत्सला तिचं नाव, घरात वच्छी. नदीच्या पलीकडच्या काठावरच्या गावात तिला दिलेलं होतं. तिचा नवरा सुरतेला गिरणीत, वर्षातून दोनदा येणारा. घर चालायचं ते सासू आणि थोरल्या दिराच्या हुकमात. आदल्या वर्षी फुईची तान्ही मुलगी तापाने गेली. त्यानंतर आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात हा लेकींचा सण. सासरी दिलेल्या सगळ्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आणि सण संपला की परत जातात. फुई आली आणि परत गेलीच नाही. का, ते सांगितलं नाही. नुसतं 'नही' म्हणाली, आणि त्यानंतर वर्षभर तिच्या तोंडून 'हो', 'नही', 'ठेव', 'दे' याच्यापुढे शब्द निघाला नव्हता. आबा म्हणायचे, दुःख आहे, उतरेल. मूल जातं, दुसरं होतं.

तर लाइट गेली. टीव्हीचा उजेड आत ओढला जाऊन एक ठिपका राहिला आणि तोही विझला. आमचा माणूस वर हवेत, खाली त्याला मारायला टपलेले लोक, आणि आम्ही काळोखात. शेंगा फोडायच्या थांबल्या. शेजारची शेवंताकाकू, जिला कुठलीही गोष्ट अर्धवट सोडवत नसे, ती कळवळून म्हणाली, "आते काय व्हई वं त्यानं?"  आणि मग मागून, भिंतीकडून, एक आवाज आला. घसा खरखरीत, बऱ्याच दिवसांत न उघडलेल्या दाराच्या कडीसारखा. "काय व्हवाव नही त्याले. तो आते खाले येवावच नही. खाले बठ्ठा दबा धरीसन बठेल शेत. तो वरच्या वर जाई ऱ्हायना. निया कापडवर पाय ठेवा. आते हयदीवर."

फुई बोलत होती. मायने माझा दंड धरला, हलू नको म्हणून. अंधारात फुईने ती मारामारी पुढे नेली. तो माणूस एका कापडावरून दुसऱ्या कापडावर गेला, ओल्या रंगात त्याचे पाय निळे झाले, मग पिवळे झाले, आणि खालच्या लोकांना त्याची फक्त सावली दिसली. ते सावलीलाच मारत बसले. मारून मारून दमले. तो मात्र शेवटच्या बांबूवरून पलीकडच्या गल्लीत उतरला आणि एका घराचं दार वाजवलं, मला भूक लागली म्हणून. दार एका बाईने उघडलं. तिने विचारलं नाही, तू कोण. तिने ताट वाढलं. लाइट आली तेव्हा आम्हाला उजेडाचा राग आला. दादाने व्हिडिओ परत सुरू केला तर तो माणूस खाली उतरून साधं मारत होता. शेवंताकाकू म्हणाली, हे काही खरं नाही.

त्या दिवसापासून फुई आमची सांगणारी झाली. पडद्यावर कोणी तोंड उघडलं की काकू विचारायची, "वच्छे, तो काय सांगी ऱ्हायना?" आणि फुई सांगायची. तलवार उपसून ओरडणारा मिशाळ माणूस म्हणायचा, "मना भाऊ कोठे शे?" आणि पांढऱ्या दाढीचा गुरू शांतपणे म्हणायचा, "तुना भाऊ जेवाले बठेल शे. गलका करू नको." फुईच्या सिनेमांत राज्यासाठी किंवा खजिन्यासाठी कोणी लढत नसे. कोणाच्या तरी ताटातलं काढून घेतलेलं असायचं, कोणाला तरी बोलू दिलेलं नसायचं, कोणाची तरी म्हातारी आई उन्हात उभी ठेवलेली असायची. एक चहाच्या दुकानातली मारामारी होती, तिच्यात एक लठ्ठ आचारी नुसत्या वाढायच्या डावाने पाच-पन्नास लोकांना लोळवतो. फुईने सांगितलं, त्याची शिजत ठेवलेली डाळ ह्यांनी लाथेने सांडली. बायांना ते इतकं पटलं की त्यांनी प्रत्येक फटक्याला शेंग फोडली. आणखी एक होती, झुलत्या पुलावरची. दोन्ही बाजूंनी दोघी बहिणी येतात, एकीच्या हातात पंखा, दुसरीच्या हातात काठी, खाली दरीत ढग. त्या दोघी लढताना पूल असा लवायचा की मला वाटे आपण बसलेला कापूसही लवतोय. मी तिथेच झोपून गेले होते एकदा, आणि झोपेतही लढाई चालूच होती.

एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली होती आणि कोणी बोलून दाखवली नाही. त्या सिनेमांत दुष्ट लोक गावं जाळायचे, आणि त्यात एखादं मूल मरायचं. कोणीतरी त्याला हातांवर घेऊन आभाळाकडे बघून किंचाळायचं. फुई तेव्हा हळूच म्हणायची, "निजी गयं ते पोर. दमी गयं व्हतं." झोपलं ते, दमलं होतं. पडद्यावरचा बाप गळा फाडून रडतोय, आणि आमच्या खोलीत सगळ्या बाया मान डोलावतायत, हो, निजलं, निजलं. तिच्या सिनेमात एकही मूल कधी मेलं नाही.

आता मी जळगावला असते, लेकाकडे. नातू ओम गच्चीवर कराटे शिकतो आणि मला मोबाइलवर जुने सिनेमे शोधून देतो. मागच्या वर्षी त्याने तो रंगाऱ्याच्या अंगणाचा सिनेमा काढला. खाली हिंदीत अर्थ लिहून येत होता. वाचते तर काय, आमचा अनवाणी माणूस चोर. राजाची मोहर चोरून पळालेला. दडून बसलेले लोक सरकारी शिपाई. पांढऱ्या दाढीचा गुरू हा त्याला फितवणारा. ओम म्हणाला, "आजी, तू तर म्हणत होतीस हा हीरो आहे!" मी म्हटलं, अरे, लिहिणाऱ्याला काय कळतंय. दुपारची वेळ, पंखा घरघरत होता, मी डोळे मिटले, आणि तो पुन्हा हळदी कापडावर पाय ठेवून चालायला लागला. मला त्याच्याबद्दल काहीही नवीन ऐकायचं नाही.

त्या वर्षी चैत्र संपत आला आणि आखाजी जवळ आली तसा पलीकडच्या गावाहून फुईचा थोरला दीर आला. उंच, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. ओट्यावर बसून त्याने चहा घेतला आणि आबांना म्हणाला, "एक वरीस व्हयनं. आते आखाजी व्हयनी का वच्छीले लई जासूत." आबा म्हणाले, बरं. सणाच्या दुसऱ्या दिवशी घेऊन जा. ते आत आले तेव्हा मायने तिथल्या तिथे धरलं. "तिनं मन नही शे. काब्र धाडतस?" आबा चिडले. "मी शबद देल शे. लगीन व्हयेल आंडेर माहेरले कितला दिन ठेवानी? लोके काय म्हनतीन?" फुई चुलीपाशी बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, भाजत होती. तिने बिबडी उलटली.  त्या दुपारी शेवंताकाकूने विचारलं, "तो काय सांगी ऱ्हायना वं?" तर फुई पडद्याकडे बघत म्हणाली, "मले काय समजत नही." मी माझ्या जागेवरून मागे सरकत सरकत तिच्याजवळ गेले आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. ती जाणार होती आणि मला ते नको होतं. एवढंच मला कळत होतं.

आखाजीला आमच्याकडे बार खेळतात. बाहेरच्यांना हे सांगितलं की ते हसतात. सणाच्या दिवशी दुपारी नदीच्या एका काठाला एका गावच्या बाया आणि दुसऱ्या काठाला दुसऱ्या गावच्या बाया उभ्या राहतात आणि मधल्या वाळूत, उन्हाळ्यातल्या त्या करंगळीएवढ्या धारेच्या दोन्ही बाजूंनी, गाण्यांतून एकमेकींना शिव्या देतात. गावाला, घराला, नवऱ्याला, दिराला, सासूला, कोणाला सोडायचं नाही. मग गोटे फेकायचे, पायांशी पडतील असे. माहेरी आलेली लेक माहेरच्या बाजूने उभी राहते, आणि समोर तिच्याच सासरच्या बाया. पुरुषांनी लांब, बाभळींच्या सावलीत बसायचं, मध्ये पडायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे बारात जे बोललं गेलं ते नदीतच सोडायचं. त्याचा राग घरी न्यायचा नाही, त्यावरून कोणाला जाब विचारायचा नाही. वर्षातून त्या एका दुपारी बाई वाटेल ते बोलू शकत होती, आणि म्हणूनच तिचं बोलणं कोणी खरं धरत नसे.

त्या वर्षी सकाळी मायने खापरावर मांडे केले होते, आमरस होता, सांजोऱ्यांनी दुरडी भरली होती. फुईने नवं लुगडं नेसलं. दुपारी आम्ही नदीवर गेलो. आमच्या गल्लीच्या बाया इतक्या दुपारींच्या 'कराटे'ने भलत्याच चेवात होत्या. गाणी संपून गोट्यांची वेळ आली तशी शेवंताकाकूने पदर खोचला, एक पाय पुढे टाकला, दोन्ही हात नागाच्या फडीसारखे उभे केले आणि "हूऽऽ" करून अशी काही आरोळी ठोकली की बाभळीवरचे बगळे उडाले. समोरच्या काठाच्या बायांनी जन्मात असं काही पाहिलं नव्हतं. त्या मागे सरल्या. काकू उडी मारून धारेत उतरली आणि चिखलात बसली ती बसलीच. दोन्ही काठांवर हशा पिकला. पलीकडच्या बाया तर वाळूत लोळायच्या बाकी होत्या. काकूही हसत होती, उठता येत नव्हतं म्हणून आणखी हसत होती.

त्या हशात फुई पुढे गेली. काकूच्या जवळून, पाण्यातून, धारेच्या मध्यापर्यंत. तिच्या हातात गोटा नव्हता. मला वाटलं, आता काहीतरी सिनेमातल्यासारखं होणार. तसं काही झालं नाही. ती नुसती उभी राहिली आणि बाराच्या बाईने बोलावं तसं, मोठ्याने, समोरच्या काठाला म्हणाली, "मनी पोरले ताप व्हता! धुयाना दवाखानामा लई जावाले मी गाडी मांगी! मले म्हने, बैल दमेल शेत!" हसू चालूच होतं. बारात लोक हेच करतात, सासरची काहीतरी निंदा करायची. आमच्या बाजूची एक म्हणालीसुद्धा, "वा वा, बैल दमनात म्हने!" आणि टाळी दिली. फुई थांबली नाही. "मी हात जोडात! म्हने पोर शे, पोऱ्या नही, सकायले दखू! सकायले मनी पोर ऱ्हायनी नही!"

हसू एकदम थांबलं नाही. ते कडेकडेने विझत गेलं. ज्यांना ऐकू आलं होतं त्या गप्प झाल्या, ज्यांना आलं नव्हतं त्या शेजारणीला विचारायला लागल्या. तरीही, हा बार होता. बारातलं बोलणं. पलीकडची एक म्हातारी ओरडली, "खोटं! बारमा काय बी बोलतस!" आणि मला दिसलं की आमच्या बाजूच्याही काही जणी सुटल्यासारख्या झाल्या, हो, बारातच बोलली, खरं कसं असेल. बाभळींखाली आबा उठून उभे राहिले होते. फुईचा दीर बसूनच होता. फुई पाण्यात उभी होती आणि तिने लुगड्याचा काठ दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मी आयुष्यात इतकी एकटी बाई पाहिली नाही.

आणि मग समोरच्या काठावरच्या घोळक्यातून एक बाई पुढे आली. फुईची थोरली जाऊ, त्या बाभळीखाली बसलेल्या दिराची बायको. तिच्या ओटीत गोटे होते. तिने पदर सोडला, गोटे वाळूत पडले, आणि ती म्हणाली, "खरं शे. मी तठेच व्हतू. खरं शे ते बठ्ठं." ती ओरडली नाही, पण नदीवर इतकी शांतता होती की बाभळींपर्यंत ऐकू गेलं असणार. मग तिने तोंडावर पदर घेतला आणि मागे न बघता गावाकडे चालायला लागली. मी आजवर पाहिलेल्या सगळ्या मारामाऱ्यांतली एकही तिच्या त्या चार पावलांच्या जवळपास येत नाही. तिला त्याबद्दल घरी कोणी एक शब्द विचारू शकलं नाही. बाराचा नियम तिच्याही बाजूचा होता, आणि तिने तो ओळखून वापरला असं मला आता वाटतं. तेव्हा मला फक्त रडू आलं.

आम्ही घरी निघालो. आबा सगळ्यांच्या पुढे चालत होते. ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळी दीर गाडी जुंपून आला. यावं तर लागणारच होतं, शब्द दोघांचा होता. फुईने आपली पत्र्याची पेटी भरून ओट्यावर आणून ठेवली होती. तिला वाटलं होतं, बोलून झालं, आता जायचं. आबांनी दिराला पाणी दिलं. तो प्यायला. मग आबांनी विचारलं, "बारनं काय इचारत नही मी. मी मना सोतानं इचारस. त्या दिनले बैल दमेल व्हतात का?"

दिराने तांब्या खाली ठेवला. त्याने आपल्या गाडीच्या बैलांकडे पाहिलं. तो काही वाईट माणूस नव्हता, आणि हेच मला पुढे कितीतरी वर्षं छळत राहिलं. "नही," तो म्हणाला. "बैल दिनभर गोठामा बांधेल व्हतात." मग तो उठला, आबांच्या पाया पडायला वाकला. आबांनी पाय मागे घेतले. रिकामी गाडी घेऊन तो नदीकडे उतरला. माय दारात उभी होती, तिने भरलेली दुरडी तशीच काखेत धरली होती.

आबा फुईपुढे जाऊन बसले. खाली, जमिनीवर. आमच्या आबांना मी कधी कोणापुढे असं बसलेलं पाहिलं नव्हतं.  म्हणाले, "वच्छे, एक वरीस व्हयनं. तू मले काब्र नही सांगं?"

फुईने त्यांच्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. असता तर आबांना सोपं गेलं असतं.

"भाऊ," ती म्हणाली, "तू इचारं कधी?"